आमी हाय की उचलायला

मला आजवर जितक्या लोकांनी उचललंय, तितक्या लोकांनी एखाद्या निवडून आलेल्या पुढाऱ्यालाही उचललं नसेल. लहानपणी पोलिओनं उजवा पाय निकामी केला, तेव्हापासून हे सुरू झालं. शाळेचा वर्ग माडीवर, म्हणून शिपाईमामांनी उचललं. बारावीचं परीक्षा केंद्र दुसऱ्या मजल्यावर आलं, म्हणून भावाच्या मित्रांनी उचललं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जिथे मिळतं ती खोलीसुद्धा पायऱ्या चढून होती, तिथे तर साफ अनोळखी माणसांनी उचललं. सगळ्यांनी प्रेमानंच उचललं, हे आधीच सांगते. पण उचलणारा कधी विचारत नाही की बाई, तुला कुठे जायचंय आणि परत कधी यायचंय. पोतं उचलताना पोत्याला कोण विचारतं?

त्यामुळे माझा स्वभाव तापट झाला, असं माझी आई म्हणते. माझं म्हणणं, तापट मी आधीपासूनच होते. उचलल्यामुळे आवाज फक्त जरा उंचावरून येऊ लागला.

नोकरीही मला अशी मिळाली की तापट स्वभाव कामी यावा. शासनाच्या दिव्यांग विभागाकडे मी कंत्राटी पदावर आहे. गावोगावच्या सरकारी इमारतींमध्ये दिव्यांग माणसाला स्वतःहून जाता येतं का, हे बघायचं आणि जाता येत नसेल तर ते येईपर्यंत तिथल्या लोकांच्या मागे लागायचं. कागदावर याला सुगम्यता तपासणी म्हणतात. माझा भाऊ याला सरकारी कटकट म्हणतो. मागे दोन जादा चाकं बसवलेली स्कूटर काढायची, पायाशी कुबड्या आडव्या टाकायच्या, काळेवाडीतून निघून मोशीवरून हायवेला लागायचं आणि कंटेनरांच्या गर्दीतून अंग चोरत चाकणची वाट धरायची, असा माझा आठवड्यातला बराच वेळ जातो. मला हे काम मनापासून आवडतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन हक्कानं भांडायचा पगार किती जणांना मिळतो?

ज्या गावाबद्दल सांगतेय त्याचं नाव सांगणार नाही. कुरुळीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर पुढच्या खेपेला मला तिथे चहा मिळायचा नाही, आणि त्या गावचा चहा फार चांगला असतो.

गावानं ग्रामपंचायतीची नवी इमारत बांधली होती. गुलाबी रंग, काचेच्या खिडक्या, आणि जोतं चांगलं तीन फूट उंच. जोतं उंच म्हणजे गावाची शान उंच, असा हिशेब. मी स्कूटर लावून कुबड्या काढते न काढते तोच आतून दोन धिप्पाड पोरं धावत आली, "या मॅडम, या," म्हणाली आणि काखेत हात घालून त्यांनी मला उचललंसुद्धा. एक कुबडी माझ्या हातात, एक स्कूटरपाशी पडलेली आणि मी अधांतरी.

"खाली ठेवा मला!" मी ओरडले.

त्यांना वाटलं, मॅडम लाजतायत. ती दोन पायऱ्या आणखी चढली. मग मी हातातली कुबडी एकाच्या पोटरीला हलकेच लावली. हलकेच, असं मी म्हणते. त्या पोराचं मत वेगळं आहे. पण त्यांनी मला खाली ठेवलं आणि उरलेल्या पायऱ्या मी माझ्या पद्धतीनं, हाश्शहुश्श करत, वाटेत दोनदा थांबून चढले.

वर सरपंच बसले होते. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात साखळी, चेहऱ्यावर खरोखरीचं आदरातिथ्य. शेजारी ग्रामसेवक, फायलीत डोकं घातलेले. मी दम खाल्ला आणि विचारलं, "सरपंच, व्हीलचेअरवरचं माणूस इथं वर कसं येणार?"

"म्हंजे काय? आमी हाय की उचलायला!" सरपंच म्हणाले. "फोन करायचा, चार पोरं हजर. तुमच्या शहरात माणुसकी ऱ्हायली न्हाई, मॅडम, म्हणून तिथं रॅम्प लागतो."

हे मला लागलं, कारण आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की कुणी माझ्या दारात येऊन विचारत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "माणुसकी राहू द्या. पण कायद्यात माणुसकीचं कलम नाही, रॅम्पचं आहे."

ग्रामसेवकांनी फायलीतून डोकं काढलं. कलम म्हटलं की त्यांचं डोकं बाहेर येई.

"आणि दिव्यांगांसाठी जो निधी राखून ठेवावा लागतो, त्याचं काय करता?"

"दरसाल वाटप करतो. स्टीलची घागर."

"ज्याला चालता येत नाही त्याला घागर?"

"झाकणासकट," ग्रामसेवक म्हणाले.

मी हसू दाबलं आणि विचारलं की गावातले व्हीलचेअरवरचे लोक ग्रामसभेला येतात तरी का. सरपंच म्हणाले, एकच आहे तशी, आक्का; पण ती येत नाही. "किती येळा निरोप धाडला. उचलून आणतो म्हटलं. पर लई मानी हाय ओ ती."

मानी बाई म्हटल्यावर तिला भेटल्याशिवाय माझा पाय निघणं शक्य नव्हतं.

आक्काचं घर गल्लीच्या आत होतं. अंगणात पाच-सात बाया घमेली घेऊन बसल्या होत्या आणि मधोमध व्हीलचेअरवर आक्का. गाड्यांना लागणारे रबराचे बारके पार्ट कंपनीतून पोत्यांनी येत. साच्यातून निघताना त्यांच्या कडेला जी झालर राहते, ती कात्रीनं कापून काढायची, असलं काम त्या भागात घरोघर चालतं. आक्का पोती आणवून घेई, बायांना काम वाटे, एखादा पार्ट वाकडा कापला गेला की तो वर धरून सगळ्यांना दाखवी आणि कापणारीची यथेच्छ चेष्टा करी. वय पस्तिशीच्या आतबाहेर. भावंडांत थोरली, म्हणून घरची आक्का म्हणत, आणि मग सगळं गावच म्हणू लागलं.

पूर्वी ती तळवड्याच्या एका कारखान्यात लाइनवर होती. एका संध्याकाळी कामावरून परतताना, गल्लीच्या तोंडाशी मागचे दिवे न लावता उभ्या असलेल्या कंटेनरवर तिची स्कूटी आदळली. कमरेखालचं सगळं गेलं. हे तिनं मला कात्री न थांबवता सांगितलं.

"तो कंटेनर त्या दिवशी व्हता, आजबी असतो," ती म्हणाली. "एक न्हाई, रांगच असते. दुसऱ्या पाळीच्या पोरी त्यातनं चाचपडत घरी येत्यात. मला ते सभेत बोलायचंय, ताई. अर्ज दिलेत, आलेलं उत्तर कुनाला दावावं असं न्हाई. मला उत्तर समोरासमोर पायजे."

"मग जात का नाहीस? उचलून नेतायत ना?"

आक्का हसली. मग तिनं मला चुलतभावाच्या लग्नाची हकिगत सांगितली. हॉल वरच्या मजल्यावर होता. चार पोरांनी तिला वाजतगाजत वर नेलं आणि स्टेजशेजारी नेऊन ठेवलं. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि पोरं वरातीत नाचायला निघून गेली. मंडपवाले खुर्च्यांची कापडं काढून घड्या घालू लागले तरी आक्का स्टेजशेजारीच. शेवटी त्या मंडपवाल्यांनीच तिला खाली आणलं. ती हे इतकं रंगवून सांगत होती की बाया पोट धरून हसत होत्या, आणि मीही हसले. सकाळपासून पाण्याचा थेंब प्यायला नव्हता, का, ते तुम्हा-आम्हा बायांना सांगायला नको, असंही ती म्हणाली. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही, कारण जाता येईल असं बाथरूम सापडत नाही म्हणून माझ्याही पर्समधली बाटली अशीच पुष्कळदा भरलेली परत येते.

"आणि दुसरं," आक्का कात्री थांबवून म्हणाली, "तिथं उभे ऱ्हाणारे निम्मे कंटेनर सरपंचाच्या मेव्हण्याचे. मला वर न्यायची सरपंचाची पोरं. त्यांच्याच हातावर बसून वर जायचं आन त्यांच्याशीच भांडायचं? भांडले तर मला खाली कोन आननार?"

इतकी वर्षं मी ही नोकरी करतेय. परिपत्रकं पाठ आहेत, प्रशिक्षणं घेतलीत, प्रशिक्षणं दिलीत. रॅम्प कशासाठी हवा, हे मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच ठरवलं की या गावात रॅम्प होणार, आणि आक्का तिच्या चाकांवर ग्रामसभेत जाणार. मग मला तिथला चहा नाही मिळाला तरी चालेल.

पुढचे दोन महिने मी त्या गावाच्या मानगुटीवर बसले. पत्रं, स्मरणपत्रं, फोन. सरपंच माणूस वाईट नव्हता. त्यांना आदेश आवडत नसत, पण आव्हान आवडे. मी सांगितलं की एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो; तुमचं जोतं तीन फुटांचं, म्हणजे छत्तीस फूट.

"छत्तीस फूट? मॅडम, रॅम्प बांधायचाय का बायपास?"

"तुमच्या गावाला जमणार नसेल तर तसं लिहून द्या."

जमणार नाही हे शब्द त्या पट्ट्यातल्या माणसासमोर काढू नयेत. तिथे प्रत्येक घरातला एक तरी माणूस कुठल्या ना कुठल्या कंपनीत मशिनवर आहे. सरपंचांनी गावातल्या एकाला बोलावलं, जो एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये होता, म्हणजे जिथे साचे आणि हत्यारं केसाच्या फरकानं घडवतात तिथे. त्यानं माझं रेखाचित्र उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "होऊन जाईल, राव. मधे वळण घेऊ, वळणावर सपाट जागा देऊ."

आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे रॅम्प गुरुवारी-गुरुवारी वाढत गेला. पाळ्या करून दमलेली माणसं सुट्टीच्या दिवशी घमेली उचलत होती आणि कंपनीत साहेब जसे वागतात तशी एकमेकांशी वागून मजा करत होती. कुणीतरी भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' अशी पाटी लावली. कडांना पिवळेकाळे पट्टे मारले. काँक्रीट वाळल्यावर टूलरूमवाल्यानं रीतसर ट्रायल घेतली: हातगाडीवर पाण्यानं भरलेलं पिंप ठेवलं आणि एका दहावीतल्या मुलीला ते एकटीनं वर न्यायला लावलं. ती घेऊन गेली. ते चित्रण मला मोबाइलवर आलं, तेव्हा मी भर ऑफिसात टाळी वाजवली.

एक काम उरलं होतं. इमारतीचं दार अरुंद होतं, चाकाची खुर्ची त्यातून जाईना. मी लिहून दिलं होतं: दार रुंद करा, आणि दारात कोणताही अडथळा नको. त्यासाठी चौकटच बदलावी लागणार होती. ते काम गावच्या सुतारमामांकडे गेलं.

ग्रामसभा गुरुवारी होती. बुधवारी संध्याकाळी मी पोचले तेव्हा पंचायतीसमोर ही गर्दी. आक्का खुर्चीवर, धुवून इस्त्री केलेल्या साडीत. तिची आई, किडकिडीत, डोक्यावर पदर, खुर्चीच्या बाजूला उभी. सरपंचांनी हात करून म्हटलं, "चला आक्का, ट्रायल!"

आक्कानं चाकांना हात घातला. पहिला उतार चढली. वळणाच्या सपाट जागेवर थांबून तिनं खाली उभ्या लोकांकडे एकदा बघून घेतलं, केस मागे केले, आणि दुसरा उतार चढली. पोरं शिट्ट्या मारत होती. मी खालीच होते. वर पोचून ती दाराकडे वळली आणि थांबली.

मी कुबड्या टाकत वर गेले. दार सुरेख झालं होतं. सागवानी, भरपूर रुंद, दोन्ही बाजूंना नक्षी. आणि खाली चार बोटं उंचीचा, गुळगुळीत, घोटून पॉलिश केलेला उंबरा. त्यावर पितळी फुलं ठोकलेली. हळदकुंकू वाहिलेलं. जुन्या दाराला उंबरा नव्हताच, साधी फरशी होती. आता चौकट नवी, म्हणून गावानं उंबराही नवा केला होता, तोही मुहूर्तानं बसवून.

"मामा," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "मी लिहिलं होतं ना, दारात अडथळा नको?"

सुतारमामांना खरंच वाईट वाटलं. "अडथळा कुठं हाय, मॅडम? उंबरा हाय त्यो!"

आणि सगळ्या गावाचा चेहरा तसाच होता. माझ्या घरी बुद्धवंदना होते, उंबरा पुजत नाहीत, पण एवढं मलाही कळत होतं की या लोकांच्या लेखी उंबरा ही अडथळ्याच्या यादीत मोडणारी वस्तूच नाही. त्यांनी छत्तीस फुटांत बोटभराची चूक होऊ दिली नव्हती आणि शेवटी दारात चार बोटं लक्ष्मी आणून बसवली होती.

"काप जरा," कुणीतरी म्हणालं.

"पुजलेल्या उंबऱ्याला करवत लावू?" सुतारमामा मागे सरकले. "मी न्हाई लावायचो."

तेवढ्यात चार पोरं पुढे झालीच. "थांबा आक्का, एवढ्यासाठी काय! उचलतो की." त्यांचे हात खुर्चीला लागले.

आक्कानं दोन्ही चाकांचे ब्रेक ओढले. "हात लावू नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पोरं मागे झाली. तिनं खुर्ची वळवली आणि जशी आली तशी, एकटी, सगळा उतार उतरून घराकडे निघून गेली. आई मागोमाग.

मी संतापले होते. पण कुणावर? त्या माणसांनी सुट्ट्या घालवल्या होत्या. सरपंच तर डोक्याला हात लावून पायरीवर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "उद्या ती आली नाही, तर हा छत्तीस फूट रॅम्प तुमच्या पोरांना मोटरसायकली चढवायला होईल." त्यांनी रॅम्पकडे वळून बघितलं. मग उठले आणि म्हणाले, "चला तिच्याकडं."

आम्ही सगळे आक्काच्या अंगणात गेलो: सरपंच, ग्रामसेवक, सुतारमामा, टूलरूमवाला, मी आणि पाठीमागे अर्धं गाव. आक्का कात्री घेऊन कामाला बसली होती. आमच्याकडे तिनं बघितलं नाही. आई दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"काय हाय?" तिनं विचारलं.

सुतारमामा सांगू लागले की करवत लावता येत नाही, दोन्ही बाजूंनी फळ्या टाकता येतील, पण फळी सटकेल; आणि बोलता बोलता ते थांबले. ते दाराकडे बघत होते. आईच्या पायाशी उंबरा होता, जुना, झिजलेला, त्यावर सकाळचं हळदकुंकू. फक्त तो वर आलेला नव्हता. फरशीच्या बरोबरीनं जमिनीत बसला होता.

"हे कुणी केलं?"

"म्या केलं," आई म्हणाली. "ही दवाखान्यातनं आली तवा. पहारीनं उचकटला, खाली खड्डा केला, परत ठिवला. तुमाला बोलवायला येळ व्हता व्हय?"

मामा खाली वाकून हातानं चाचपू लागले. मागून एक म्हातारबाबा खाकरले. "पर मग चाक लक्ष्मीवरनं जातं की, बाई. पाय ठिवत न्हाईत तिथं, आन चाक?"

आई त्यांच्याकडे वळली. "तुमचा नातू रोज मोटरसायकल घरात लावतो. ती कुठनं नेतो? छपरावरनं?"

आधी बाया हसल्या, मग सगळेच. कारण त्या गावात एकही घर नसेल जिथे रात्री उंबऱ्यावरून फळी टाकून मोटरसायकल आत घेत नाहीत. म्हातारबाबाही हसले आणि तंबाखू काढत म्हणाले, "ते बी खरं हाय."

सुतारमामा उठून उभे राहिले. चेहरा उजळला होता. "कापायचा न्हाई. सबंध काढायचा आन खाली बसवायचा. करवत लागतच न्हाई." टूलरूमवाल्यानं लगेच विचारलं, फरशीखाली किती खोल मिळेल, आणि दोघं तिथेच भांडायला लागले.

आक्कानं अजून मान वर केली नव्हती. मी तिच्याजवळ गेले. "उद्या येशील ना?"

"तुमी स्वतः बघा आन मग मला फोन करा," ती म्हणाली. "शिट्ट्या नकोत."

गुरुवारी सकाळी मी सभेच्या बऱ्याच आधी पोचले. छिन्नीहातोड्याचा आवाज बंद होऊन फरशी पुसून झाली होती. उंबरा आपल्या जागी होता, पितळी फुलांसकट, पण जमिनीत. मी कुबडीचं टोक त्यावरून फिरवलं. कुठे अडलं नाही. मग आक्काला फोन केला.

ती आली. आईनं वाकून उंबऱ्याला हळदकुंकू लावलं आणि बाजूला झाली. आक्का त्यावरून आत गेली. सभागृहाच्या पांढऱ्या फरशीवर तिच्या चाकांच्या दोन पिवळ्यालाल रेघा उमटल्या, थेट पहिल्या रांगेपर्यंत. शिट्टी कुणी वाजवली नाही. सगळे उगाच खाकरत होते.

सभा सुरू झाली. सरपंचांनी रॅम्पचं सविस्तर वर्णन केलं, माझा सत्कार झाला, शाल आली, नारळ आला. मग ते प्रेमानं म्हणाले, "आता आपल्या आक्का दोन शब्द बोलतील." माइक तिच्या हातात दिला. सगळ्यांनी आभार ऐकायच्या तयारीनं हात बांधले.

"गल्लीच्या तोंडाशी जे कंटेनर उभे असत्यात, ते कुनाच्या परवानगीनं?" आक्का म्हणाली.

सरपंच हसायचा प्रयत्न करत म्हणाले, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही. आक्का म्हणाली, ऐन वेळच्या विषयात घ्या. ग्रामसेवकांचं डोकं फायलीतून बाहेर आलं आणि त्यांनी सांगितलं की घेता येतं. सरपंच म्हणाले, कंपनीवाल्यांशी बोलू. आक्का म्हणाली, कंपनीवाल्यांशी कशाला, मेव्हण्याशी बोला. तिनं गाड्यांचे क्रमांकच सांगायला सुरुवात केली, आणि मागून दुसऱ्या पाळीच्या पोरींनी व्हय, व्हय, म्हणून साथ धरली. सरपंचांचा चेहरा लाल झाला. ते टेबलावर हात आपटून भडकले, "ए, तू खाली बस आधी! तुला काय कळतं गं धंद्यातलं? पोटं भरत्यात लोकांची त्याच्यावर!"

व्हीलचेअरवरच्या बाईवर भर सभेत असं ओरडायचं? पोरांनी सरपंचांना खुणा केल्या. ग्रामसेवक पुटपुटले, "साहेब, जरा."

"बसलेलीच हाय मी," आक्का म्हणाली. "तुमी रस्त्याचं बोला."

आणि ती खुलली होती. मी तिचा चेहरा बघत होते. गाल फुललेले, डोळे चमकत होते. आजवर सगळ्या गावानं तिच्याशी हळू आवाजात बोलायचं ठरवलं होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर खच्चून ओरडलं होतं, जसं कुठल्याही गावकऱ्यावर ओरडतात, आणि तिला परत ओरडायची मोकळीक होती, कारण घरी जायला तिला कुणाचे हात लागणार नव्हते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. शेजारच्या बाईला वाटलं, मला सरपंचांचा राग आला, म्हणून ती मला पाणी द्यायला लागली. मी तांब्या घेतला आणि पोटभर प्यायले.

वाद तासभर चालला. हात वर करून मत घेतलं तेव्हा मोजणाऱ्यानं आक्काचा हातही मोजला आणि पुढे गेला. कंटेनर गल्लीबाहेरच्या मोकळ्या रानात लावायचे, असा ठराव झाला. मेव्हणा तो पाळतो की नाही, यावरून पुढच्या कितीतरी सभांमध्ये भांडणं झाली, पण ते नंतरचं.

सभा संपली तरी सरपंचांचं समाधान झालेलं नव्हतं. आक्का बाहेर पडून रॅम्पला लागली तसे ते तिच्यामागून निघाले, हातवारे करत, "अगं पण ऐक तर, त्यांनी गाड्या न्यायच्या कुठं?" उतारावर खुर्ची पळायला लागली, आक्का चाकांवर नुसते तळवे टेकवून ती आवरत होती आणि मान मागे वळवून उत्तरं देत होती. सरपंच धापा टाकत तिला गाठायला बघत होते. वळणापाशी त्यांची चप्पल निसटली, ती घालायला ते वाकले, तोवर आक्का खाली रस्त्यावर पोचून पुढचा मुद्दा सुरू करून उभी होती. मी शाल-नारळ मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि ते भांडण गल्लीत शिरून ऐकू येईनासं होईपर्यंत ऐकत राहिले. मग कुणीतरी मला चहा आणून दिला.